ग्रीन टी: तुम्हाला काय फरक पडला?

ग्रीन टी नेमाने घेणाऱ्यांनी आणि सोडून दिलेल्यांनीही इथे अनुभव लिहा. वजन, झोप, पित्त, चालू औषधं, काहीही चालेल. फक्त स्वतःचं किंवा घरातल्या माणसाचं लिहा, ढकलपत्रांतलं नको.

माझं सांगते. वजनासाठी सुरू केला, पण काटा जेमतेमच हलला. खरा फायदा झाला तो दुधासाखरेचा चहा सुटल्याचा.

*

मला रिकाम्या पोटी अजिबात सोसत नाही, मळमळतं. काहीतरी खाऊन घेतला की त्रास नाही.

*

आमच्या आईचं हिमोग्लोबिन गोळ्या चालू असूनही वाढेना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "चहा कधी घेता?" ती जेवण झालं की लगेच ग्रीन टी घ्यायची, आणि लोहाची गोळीही त्याच वेळची! चहातली कॅटेचिन्स (तुरटपणा आणणारे घटक) लोहाला धरून ठेवतात, मग ते शरीरात शोषलं जात नाही. डाळी-पालेभाज्यांतल्या लोहाला हा अडथळा जास्त, मांसाहारातल्या लोहाला कमी. आता जेवण नि चहात तासाभराचं अंतर ठेवते, गोळी चहापासून लांबच्या वेळी. पुढच्या तपासणीत आकडा वर आला. ज्यांच्या घरी कोणाला ॲनिमिया आहे, त्यांनी हे एवढं तरी पाहाच.

*

कडू लागतो म्हणून सोडणाऱ्यांसाठी: खळखळ उकळतं पाणी ओतू नका. गॅस बंद करून थोडं थांबा, ७०-८० अंशांचं पाणी पुरे. पानं हळूहळू उलगडतात, पाणी फिकट पिवळसर-हिरवं होतं. दोन-तीन मिनिटांत गाळा. जास्त ठेवलात तर रंग काळपट होतो आणि घोटाबरोबर जीभ कोरडी पडते.

*

झोपेचं म्हणाल तर यात कॅफीन असतंच, कपाला साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम. कॉफीपेक्षा कमी, पण मला संध्याकाळचा कप बाधतो. दुपारी घेतला तर डोकं छान शांत नि जागं राहतं. गरोदरपणात तर दिवसभराचं एकूण कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा असं सांगतात, त्यात हाही धरावा.

*

माझी कळकळीची विनंती कॅप्सूलबद्दल आहे. कपातला चहा वेगळा आणि अर्काची गोळी वेगळी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं, की पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) पोटात गेलं तर यकृताला इजा होण्याची लक्षणं दिसू शकतात. माझ्या भावाने 'नैसर्गिकच आहे' म्हणून सुरू केलेल्या गोळ्या यकृताच्या तपासणीत एन्झाइम्स वाढलेले दिसल्यावर डॉक्टरांनी बंद करायला लावल्या. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) किंवा नॅडोलॉल (बीपीचं औषध) चालू असेल तर साध्या चहाबद्दलही आधी डॉक्टरांना विचारा.

*

वरच्या दादांना अनुमोदन. पण चहाला घाबरू नका. जपानमधल्या ओसाकी अभ्यासात चाळीस हजारांवर लोक होते. रोज पाच किंवा जास्त कप घेणाऱ्यांत हृदयविकार-पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी दिसले, कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र फरक नव्हता. माझे वडील हृदयरोगी आहेत, डॉक्टरांना विचारूनच दोन कप घेतात. बीपीच्या गोळ्या चालू ठेवूनच, हे महत्त्वाचं.

*

थायरॉईडची गोळी घेणाऱ्या कोणाचा अनुभव आहे का? सकाळी गोळीनंतर किती वेळाने घेता?