होलिस्टिक वाली शाळा घेऊन खरंच फरक पडतो का?

कोथरूडचा_बाबा: मुलगी पुढच्या वर्षी पाचवीत. कर्वेनगरपासून बाणेरपर्यंत ज्या शाळेचं माहितीपत्रक उघडावं त्यात होलिस्टिक डेव्हलपमेंट, म्हणजे सर्वांगीण विकास, आहेच. एका ठिकाणी तर व्हॅल्यू एज्युकेशनची वेगळी रूम दाखवली, भिंतीवर सुविचार आणि खाली बीन बॅगा, संपलं. फीचं विचारू नका. आमचं म्हणणं एवढंच की पोरगी चारचौघांत मिसळावी, दुसऱ्याचं ऐकून घ्यावं. हे शाळेत येतं का घरीच बघायचं?

निवृत्त_बाई: घरी तर बघायचंच हो, पण शाळेतही येतं. मी झेडपीत होते. मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं पोरं घडाघडा म्हणायची, वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, आणि लगेच नळावर ढकलाढकली. नंतर मूल्यवर्धन नावाचा शाळांमधला कार्यक्रम आला, आपल्या पुण्याच्या शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा, २००९ ला बीडमधून सुरू झालेला. पाया संविधानाचाच, न्याय स्वातंत्र्य समता बंधुता, पण पाठांतर नाही, जोडीत बोला, गटात खेळा, वर्गाचे नियम मुलांनीच ठरवा. वर्गात कधी तोंड न उघडणारी पोरं शेजारच्याशी बोलायला लागली की मग हळूहळू सगळ्यांसमोर बोलतात, हे मी बघितलंय. बीन बॅग लागत नाही त्याला.

पेठेतला: निगडीला ज्ञान प्रबोधिनीचं गुरुकुल आहे ते बघून या, तिथे पंचकोश, म्हणजे माणसाचे पाच थर, धरून काम चालतं. मूळ तैत्तिरीय उपनिषदातलं, अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. म्हणजे शरीर, मन, बुद्धी सगळ्याला खाद्य.

स्पष्टवक्ता_पुणे: कोश पाच असू देत नाहीतर पन्नास, दहावीला सगळे टक्केच विचारणार.

निवृत्त_बाई: विचारू देत की, म्हणून तोपर्यंत पोरांनी भांडतच राहायचं का?

दोन_पोरांची_आई: आता २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणामुळे होलिस्टिक प्रोग्रेस कार्ड आलंय, त्यात मुलानं स्वतःबद्दल लिहायचं, मित्रांनी त्याच्याबद्दल. कल्पना छान आहे पण आमच्या सोसायटीत ते आयाच भरतात रात्री अकराला 😀 बाबा, तुम्ही एक करा, शाळेत दोन पोरं भांडली की बाई काय करतात ते विचारा. डायरीत रिमार्क देऊन मोकळ्या होतात का दोघांना समोरासमोर बसवतात? आणि जमलं तर मधल्या सुट्टीत जा.

कोथरूडचा_बाबा: मधल्या सुट्टीत आत सोडतील का पण?

दोन_पोरांची_आई: छे. व्हॅनवाल्या काकांना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं.