मदत हवी आहे: जॅग्वार मार्क टू ३.८, दोन शिमांवर अक्षरच नाही. हेड मूळचं आहे का?

नमस्कार मंडळी,

गाडी १९६१ ची, वडिलांची. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सील) गेलं म्हणून हेड उतरवलं. गॅस्केट राहिलं बाजूला, भलतंच कोडं घेऊन बसलोय.

हे इंजिन ज्यांनी उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सहा सिलिंडर एका ओळीत, हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट, एक इनटेकचा आणि एक एक्झॉस्टचा. रॉकर नाही, पुशरॉड नाही. कॅमचा लोब (उंचवटा) थेट वाटीसारख्या टॅपेटवर दाबतो. त्या वाटीच्या पोटात एक छोटी पोलादी चकती असते, तीच शिम, आणि ती व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकते. क्लिअरन्स (कॅम आणि टॅपेटमधली फट) जुळवायला स्क्रू नाही, शिमच बदलायची. कंपनीच्या शिमेवर इंग्रजी अक्षर असतं: 'ए' म्हणजे ०.०८५ इंच, पुढे अक्षरागणिक एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) वाढत 'झेड' ०.११०.

बारापैकी दहा शिमांवर अक्षर स्वच्छ दिसतंय. दोन मात्र कोऱ्या, दोन्ही इनटेकच्या, पुढून दुसरी आणि पाचवी. भिंगाखाली धरल्यावर एका बाजूला समांतर बारीक रेघा दिसतात, बाकीच्यांवर तशा नाहीत. मायक्रोमीटरवर दोन्ही ०.०८९ भरल्या.

आता खरी गोम. वडिलांच्या वहीत इनटेकची नोंद सापडली, सिलिंडर १ ते ६: एफ, एच, ई, जी, एच, डी. माझ्याकडे पुढून मागे निघालेल्या शिमा: डी, कोरी, जी, ई, कोरी, एफ. एकही जागा जुळत नाही! शिवाय त्याच दोन जागांच्या व्हॉल्व्ह गाइडना (व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो ती) सर्क्लिपची (अडकवायच्या कडीची) खाच आहे, बाकीच्या दहा साध्या. मधल्या काळात एका वर्कशॉपमध्ये इंजिनाचं काम झालं होतं, बिलावर फक्त 'हेड रिपेअर' लिहिलंय. त्यांनी दुसरंच हेड बसवून दिलं की काय, अशी शंका येतेय.

तपासलेलं एवढंच: दोन्ही कॅमची लिफ्ट तीन सूत, म्हणजे ३/८ इंच भरते. लोबच्या टोकापासून पाठीपर्यंतच्या मापातून बेस सर्कलचा (लोब सोडून उरलेल्या गोल भागाचा) व्यास वजा केला. मार्क टूला तेवढीच हवी ना? मूळ कुठलं आणि नंतरचं कुठलं, कसं ओळखू?

प्रतिसाद १

लिफ्ट बरोबर आहे. जॅग्वारच्या या एक्सके इंजिनाच्या सुरुवातीच्या काळात अडीच सूत लिफ्टचे कॅम होते, मार्क टूला तीन सूतच. इनटेक कॅमच्या मागच्या टोकाला रेव्ह काउंटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याचा) जनरेटर चालवायची खाच आहे का, तेही बघून घ्या.

पण हेडबद्दल शंका असेल तर शिमांकडे कशाला बघता? इंजिन नंबर दोन ठिकाणी ठोकलेला असतो: ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वरच्या अंगाला आणि हेडच्या पुढच्या टोकाला. तेलकट काजळी रॉकेलने पुसा आणि दोन्ही ताडून बघा. शेवटी तिरप्या रेघेनंतर ७, ८ किंवा ९ असेल, ते कॉम्प्रेशन रेशो. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा हाच नंबर होता का, ते जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या दाखल्यावरून कळतं.

आणि दादा, कॅम बसवलेले असताना हेड टेबलावर पालथं ठेवू नका. उघडे व्हॉल्व्ह बाहेर आलेले असतात, वाकतात. हेड इंजिनावरून उतरवलेलं असलं तरी एकच कॅम मोकळा फिरवत बसू नका, इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात.

प्रतिसाद २

वही उलटी वाचा.

जॅग्वारच्या या इंजिनात एक नंबरचा सिलिंडर मागे असतो, फ्लायव्हीलच्या बाजूला. रेडिएटरकडचा सहावा. तुमच्या वडिलांना ते ठाऊक होतं, तुम्ही पुढून मोजलंत. आता लावून बघा: सहावा डी, चौथा जी, तिसरा ई, पहिला एफ. चारही जुळले. उरले दुसरा आणि पाचवा, ते उलटे मोजले तरी दुसरा आणि पाचवाच राहतात. वहीत तिथे 'एच' आहे, म्हणजे ०.०९२. तुमच्याकडे ०.०८९. तीन थाऊ कुठे गेले? ग्राइंडरवर. त्याच रेघा तुम्हाला दिसतायत, अक्षरही त्यातच गेलं.

का घासल्या, तेही तुमच्या गाइडच सांगतात. साध्या गाइड मूळच्या, खाचवाल्या नंतरच्या धर्तीच्या. त्या दोन बदलल्या. गाइड बदलली की सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कडा) पुन्हा कापावी लागते, नाहीतर व्हॉल्व्ह मधोमध बसत नाही. सीट कापली की व्हॉल्व्ह आत जातो, दांडा कॅमकडे सरकतो आणि क्लिअरन्स संपतो. तिथे पातळ शिम हवी. ती हाताशी नसेल, म्हणून होती तीच घासली. हेड बदललं असतं तर उरलेली चार अक्षरं वहीशी जुळली नसती. नंबर तरी बघाच.

घासलेल्या शिमा मी पुन्हा वापरणार नाही, वरचा कडक थर पातळ होतो. पण ०.०८९ भरली म्हणून आत्ताच त्याच मापाची 'ई' मागवू नका. आधी लॅपिंग करा (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवा), मग कॅम बसवून थंड इंजिनावर लोबच्या पाठीशी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. इनटेकला ०.००४, एक्झॉस्टला ०.००६. समजा ०.०८९ च्या शिमेवर ०.००२ मिळालं, तर दोन थाऊ पातळ, म्हणजे 'सी' लागेल.

धागाकर्ता

दोन तास रॉकेल आणि ब्रश. हेडवरचा आणि ब्लॉकवरचा नंबर एकच निघाला, शेवटी ८. कॅमच्या मागची खाचही आहे.

वही उलटी वाचली, सगळं जुळलं. एक्झॉस्टची सहा अक्षरंही पुढच्या पानावर होती, तीही मागून पुढे बरोबर लागली. मी ते पान 'चुकीचं' म्हणून वाचायचंच सोडून दिलं होतं. हेड लाकडी ठोकळ्यांवर ठेवलंय, काळजी नसावी.

शिमा ठेवलेल्या सगळ्या डब्यांवरचे सिलिंडरचे आकडे पुसून नव्याने लिहिले. रविवारी लॅपिंग. स्प्रिंगांचं वेगळ्या धाग्यात विचारतो.