नारिंगी कस्तूर: चेहऱ्यावर पट्टे नसलेला पक्षी दिसला, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एक शंका आहे, जाणकारांनी प्लीज सांगा. आंबोलीच्या जंगलात नारिंगी कस्तूर मी बऱ्याचदा बघितलाय, आपल्या सह्याद्रीतला म्हणजे पांढरा गळा आणि गालावर दोन काळपट उभे पट्टे, पाठ निळसर राखाडी. पण जानेवारीत एकदा जो दिसला त्याचा गळाही नारिंगी, चेहरा एकदम स्वच्छ, पट्ट्यांचा पत्ताच नाही! ओढ्याकाठी दाट सावलीत पालापाचोळा चोचीने उलटायचा, मग मान तिरकी करून स्तब्ध, पुन्हा एक पान. दहा मिनिटं श्वास रोखून बघत होतो.

हिमालयाकडच्या कस्तुरांच्या चेहऱ्यावर पट्टे नसतात आणि ते हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरतात हे माहितीये, म्हणजे हा तोच पाहुणा समजायचा का? पिल्लू वाटत नव्हतं, पिल्लांचा रंग मळकट तपकिरी आणि पाठीवर फिक्या रेघा असतात ना, इथे तसं काहीच नव्हतं. सह्याद्रीत हा प्रकार अजून कुणी पाहिलाय का, फोटो असेल तर नक्की टाका.

आणि दुसरं, जास्त काळजीचं. पावसाळ्यात पायवाटेला लागूनच एका छोट्या झाडावर, माझ्या खांद्याइतक्या उंचीवर पट्टेवाल्या जोडीचं घरटं होतं, मुळ्या न् शेवाळाची वाटी. अंडी उबायला साधारण दोन आठवडे आणि नंतर पिल्लं उडायला जवळपास तेवढेच, म्हणजे महिनाभर माणसांची ये-जा. यंदा तिथेच घरटं केलं तर किती लांबून बघावं म्हणजे जोडी घरटं सोडणार नाही?