दीवला एक दिवस नाही पुरत

'सोमनाथहून सकाळी निघून संध्याकाळी परत, दीवला एवढंच पुरे' हे दीवच्या सहलीवरच्या चर्चेत कुणीतरी मांडलेलं मत पटत नाही. वेरावळहून दीव साधारण 90 किमी, म्हणजे जाण्यायेण्यातच अर्धा दिवस जातो. नागपूरहून अहमदाबादला गाडी बदलून वेरावळपर्यंत एवढा प्रवास करायचा, तर दोन मुक्काम ठेवाच.

त्या चर्चेत भरती-ओहोटीचा उल्लेखच नाही, आणि दीवमध्ये सगळं तिच्यावर चालतं. गंगेश्वर मंदिरातली पाच शिवलिंगं समुद्राला लागूनच, खडकात आहेत. भरतीत ती पाण्याखाली जातात आणि पायऱ्या निसरड्या होतात. ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज धरू नका, हॉटेलात विचारून घ्या. नायडा गुहांत मात्र दुपारीच जा. उजेड छतातल्या भोकांतून येतो, सकाळ-संध्याकाळ आत अंधार असतो. किल्ल्यात सावली फार कमी, तो सकाळी उरका. डिसेंबरअखेर सूर्य तिथे सव्वासहाच्या सुमारास मावळतो, आपल्या नागपूरपेक्षा अर्धा तास उशिरा. तेवढा वेळ सेंट पॉल चर्चच्या गल्ल्यांत पायी फिरायला फार छान मिळतो. परतताना दारूची बाटली सोबत घेऊ नका. गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि हद्दीत तपासणी होते.