व्याख्यानाला १०० रुपये तिकीट? मग माझे बाबा दाराबाहेरच राहिले असते

शाईचे_हात (धागाकर्ती):
परवा इथेच एका महाशयांनी लिहिलं की गल्लोगल्लीच्या व्याख्यानमाला मोफत असतात म्हणूनच त्यांची किंमत राहिलेली नाही. १०० रुपये तिकीट लावा, म्हणजे पंख्याखाली डुलक्या काढणारे गळतील आणि 'खरे श्रोते' उरतील. त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग. वाचून डोकं उठलं, म्हणून हा स्वतंत्र धागा.

माझे बाबा छापखान्यात खिळे (छपाईची सुटी अक्षरं) जुळवायचे. सहाला सुटले की घरी न येता सरळ व्याख्यानाला जायचे. शेवटून दुसऱ्या रांगेत, हात मांडीखाली दाबून बसायचे, कारण नखातली शाई जायची नाही. १०० सोडा, एक रुपया असता तरी आईने जाऊ दिलं नसतं. आणि हो, डुलक्या तेही काढायचे. आठ तास उभं राहिलेला माणूस खुर्ची मिळाल्यावर दुसरं काय करणार? पण जागेपणी जे कानावर पडायचं ते रात्री ताटावर यायचं. ताराबाई शिंद्यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना' या पुस्तकाचं नाव मी शाळेत नाही, आमटी वाढून घेताना ऐकलं. तिकिटाने गळाले असते ते बाबाच. खरे श्रोते म्हणे!

हिशेबनीस:
ताई, बाबांना नमस्कार. पण हिशेब कोण जुळवणार? मी एका उपनगरातल्या व्याख्यानमालेचा ११ वर्षं खजिनदार आहे. हॉलचं भाडं, माईकवाला, वक्त्याचा प्रवास, मानधनाचं पाकीट, शाल, श्रीफळ. गेल्या वर्षी समारोपाला 'यथाशक्ती' म्हणून डबा फिरवला. हॉल भरलेला. डब्यात ७४० रुपये निघाले, त्यातली एक दहाची नोट चिकटपट्टी लावलेली. बाहेर येऊन बघतो तर तीच मंडळी कोपऱ्यावर भेळ खातायत, तिथे मात्र सुटे होते सगळ्यांकडे. फुकट काही नसतं, आम्हा सात-आठ जणांच्या खिशातून जातं. नाहीतर एखादा बिल्डर 'पुष्प', म्हणजे मालेतलं एक व्याख्यान, प्रायोजित करतो आणि वक्त्याच्या आधी स्वतःच पंचवीस मिनिटं गुंफतो.

गोदाकाठ:
आमच्या नाशकात वसंत व्याख्यानमाला यशवंतराव महाराज पटांगणावर भरते, गोदाघाटावर, उघड्यावर. भाजीची पिशवी हातात घेऊन माणूस जाता जाता थांबतो. पटलं तर बसतो, नाही पटलं तर पुढे जातो. तिकीट कुठे फाडायचं, रामकुंडावर?

मांडवीकर:
आमच्याकडे पणजीत धर्मानंद नव्हे, त्यांचे चिरंजीव, इतिहासकार दामोदर कोसंबींच्या नावाने २००८ पासून विचारमहोत्सव आहे, प्रवेश मोफत. (पहिलं वाक्य असंच लिहावं लागतं, बाप-लेकांत घोळ करणारे इथे बरेच आहेत.) खर्च सरकारी. हिशेबनीस, सरकारला मागा की.

हिशेबनीस:
मागितलं. फाईल अजून फिरते आहे. मग मंत्र्यांच्या स्वीय सहायकांचा फोन येतो की साहेब उद्घाटनाला येतील. त्यापेक्षा बिल्डर परवडला.

हिंजवडी_ते_घर:
तिकीट लावा नाहीतर नका लावू, आधी त्या रुमालांचं बघा! जानेवारीत ऑफिसातून लवकर निघून, दोन बस बदलून ६:२५ ला एका हॉलमध्ये पोचलो. पुढच्या सहा रांगांत माणूस एक नाही, पण खुर्च्या सगळ्या 'भरलेल्या'. रुमाल, चष्म्याची केस, पंचांग. एका खुर्चीवर चक्क पेरू. मी पेरू मांडीवर घेतला आणि बसलो. दहा मिनिटांनी एक आजोबा आले, "ही जागा धरलेली आहे." म्हटलं, "कोणी, पेरूने?"

निवृत्त_पण_जागृत:
आजोबांची टिंगल करताना लाज वाटू द्या. माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. पाचपासून येऊन बसतो. मध्ये दोनदा उठावं लागतं, या वयात का ते सांगायला नको. रुमाल टाकणार नाही तर काय, खुर्ची बरोबर घेऊन जाऊ? आम्ही नसतो तर या व्याख्यानमाला कधीच बंद पडल्या असत्या. तुमची पिढी घरी यूट्यूबवर दीडपट वेगाने ऐकते.

हिंजवडी_ते_घर:
काका, एका खुर्चीवर एक रुमाल, मान्य. पण त्याच दिवशी एका काकूंनी पाच खुर्च्यांवर ओढणी अंथरली होती. वाळवण घालावं तशी!

पोळी_लाटून_आलेली:
ती काकू मी नसेन, पण असू शकते. आमच्या भिशीतल्या चौघी संध्याकाळची कणीक मळून, कुकर लावून, सासऱ्यांना चहा देऊन धावत येतात. त्यांच्यासाठी जागा धरते, धरणारच. साडेसहाची वेळ ठरवली कोणी? घरी गेल्यावर ज्याला आयतं वाढलेलं ताट मिळतं, त्याने.

हिशेबनीस:
साडेसहा कारण हॉल नऊला रिकामा करून द्यावा लागतो. प्रत्येक गोष्टीत पुरुषांचं कारस्थान शोधू नका.

पोळी_लाटून_आलेली:
कारस्थान म्हटलंच नाही मी. ११ वर्षांत तुमच्या समितीत बायका किती, तेवढं सांगा.

हिशेबनीस:
एक. (रांगोळी आणि स्वागत. कळलं, कळलं.)

दफ्तरखाना:
मंडळी, जरा दमानं. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ मध्ये. त्याच वर्षी त्यांच्याच पुढाकाराने दयानंद सरस्वतींची पुण्यात व्याख्यानं झाली, शेवटी मिरवणूक निघाली. विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढली, चिखल फेकला, रानडेही त्यातून सुटले नाहीत. जोतीराव फुले आपली माणसं घेऊन पाठराखणीला होते. चिखलावरून रुमालावर आलोय, ही प्रगतीच समजायची.

भीमवाडी:
१८८५ का गिळलंत? त्याच फुल्यांनी रानड्यांच्या ग्रंथकार सभेचं, म्हणजे मराठी लेखकांच्या संमेलनाचं, आमंत्रण नाकारलं, पत्र लिहून कारण दिलं. दार उघडं ठेवलं म्हणून घर सगळ्यांचं होत नाही. आमच्या वस्तीत १४ एप्रिलच्या आठवड्यात रोज व्याख्यान असतं. मोफत. सतरंजीवर. खर्च घरटी वर्गणीतून. रात्री नऊला, कारण तोवर माणसं कामावरून आलेली असतात. डबा फिरवत नाही, बिल्डरही नाही. इथल्या किती 'खऱ्या श्रोत्यांनी' तिथे मांडी घातली?

निवृत्त_पण_जागृत:
आम्हाला कोणी बोलावलं नाही.

भीमवाडी:
तुम्हाला साडेसहाच्या हॉलमध्ये कोणी बोलावतं? फळ्यावर वाचून जाता ना? आमचा फ्लेक्स फळ्याहून मोठा असतो.

निवृत्त_पण_जागृत:
मला खाली बसता येत नाही. गुडघ्यांचं वर लिहिलंय.

भीमवाडी:
खुर्ची देतो काका. रुमाल टाकावा लागणार नाही.

हिंजवडी_ते_घर:
म्हणजे बघा, तिकीट आजही आहेच. १०० रुपये नसतील, पाच ते साडेसहा हा दीड तास आहे. तेवढे सुटे फक्त पेन्शनवाल्यांकडे असतात. मूळ पोस्टवाले महाशय आधीच जिंकलेत, उगाच भांडतोय आपण.

शाईचे_हात:
हे मला आवडलेलं नाही, पण खोडताही येत नाही. बाबा सहाला सुटून पोचायचे तेव्हा शेवटून दुसरी रांगच उरलेली असायची. मला इतकी वर्षं वाटत होतं, शाईमुळे मागे बसतात.

हिशेबनीस:
बरं बाबांनो, हरलो. यंदा तिकीट नाही. वेळ साडेसातची मागून बघतो, हॉलवाला शिव्या देईल त्या इथे टंकेन. सुरुवातीच्या पाच मिनिटं आधी रिकाम्या खुर्चीवरचे रुमाल जप्त, आणि ते विकून माईकवाल्याचे पैसे. समितीत दोन जागा रिकाम्या आहेत. पोळीवाल्या ताई, या. रांगोळी मी काढतो.

पोळी_लाटून_आलेली:
आधी रांगोळीचा फोटो टाका, मग येते.

गोदाकाठ:
पेरूचं पुढे काय झालं?

हिंजवडी_ते_घर:
आजोबा शेजारच्या खुर्चीवर बसले. मध्यंतरात खिशातून सुरी काढून अर्धा मला दिला. मीठही होतं पुडीत.