यलो टँगच्या डोक्यावर खड्डे पडत आहेत, मदत हवी आहे

आमच्या 5 फूट लांबीच्या, सुमारे 500 लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील यलो टँग या पिवळ्या समुद्री माशाच्या डोळ्यांभोवती टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू लागले असून, पार्श्वरेषेवरचा (शरीराच्या बाजूने जाणाऱ्या संवेदी रेषेवरचा) पिवळा रंग विटून तिथे फिकट पांढरा पट्टा दिसतो. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, श्वासाचा वेग नेहमीसारखा आहे आणि तो दुसऱ्या माशांशी भांडत नाही. त्याची भूकही उत्तम आहे. क्लिपला लावलेला नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा तो ओढून फाडून खातो.

पाण्याचे तापमान 26 अंश, विशिष्ट गुरुत्व 1.025, अमोनिया व नायट्राइट शून्य, नायट्रेट 10 पीपीएम आहे. पूर्वी आहारात फ्रोझन मायसिसचा (कोळंबीसारख्या छोट्या जीवांचा) भाग मोठा असे. आता नोरी रोज देतो आणि ती आधी जीवनसत्त्वांच्या द्रावणात भिजवतो. हीटर व पंपातून पाण्यात वीज उतरत नाही, याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली आहे. तरीही खड्डे वाढतच आहेत.

माझा संशय पाणी गाळण्यासाठी टाकीत वापरत असलेल्या सक्रिय कोळशावर आहे, कारण त्याच्या बारीक धुळीमुळे टँगना हा विकार होतो. मात्र टाकीत लेदर कोरल (एक प्रकारचे मऊ प्रवाळ) असल्याने, त्यांनी सोडलेली रसायने शोषण्यासाठी कोळसा लागतो. प्रवाळ आणि कोळंबी असल्यामुळे तांबेयुक्त औषध वापरता येणार नाही, आणि मोठी दुसरी टाकीही नाही. अशा स्थितीत कोळसा पूर्ण बंद करून वारंवार पाणी बदलावे, की कठीण गोळ्यांच्या स्वरूपातील कोळसा नीट धुऊन वापरला तरी खड्डे भरून येतील?