कुणी समोर कोसळलं तेव्हा काय केलंत? (अनुभव लिहा)

मार्चमध्ये बाबा सकाळी फिरायला गेले आणि पुण्यातल्या बागेतच कोसळले. भोवती पंधरावीस माणसं होती. कुणी पाणी पाजायला धावलं, कुणी कांदा हुंगवला. छाती कुणीच दाबली नाही. रिक्षात घालून नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्या माणसांवर माझा राग नाही, मीही तेच केलं असतं. हृदय थांबल्यावर काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, हे मला नंतर समजलं. तुमच्याकडे काय घडलं? माणूस वाचला असो वा गेला असो, लिहा.

सिएटलहून : ताई, वाचून गलबललं. आमचे हे स्वयंपाकघरात पडले. ९११ वरच्या (इथला आपत्कालीन नंबर) बाईंनी दोनच प्रश्न विचारले : शुद्धीवर आहेत का, श्वास नीट चालू आहे का? मी म्हटलं, घोरतायत. त्या म्हणाल्या, तो श्वास नव्हे, दाबायला लागा. आणि फोनवर माझ्याबरोबर आकडे मोजत राहिल्या. अग्निशमन दलाच्या माणसांनी येऊन हृदयाला विजेचा शॉक दिला. आज हे बाहेर झाडांना पाणी घालतायत. इथे अग्निशमन दलाचं हे काम १९७० पासून चालू आहे. कोसळताना कुणी पाहिलंय आणि हृदय शॉकला दाद देण्याजोगं आहे, अशांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं इथे वाचतात.

डेन्मार्कहून : माझ्यावर वेळ आलेली नाही, पण लायसन्ससाठी प्रथमोपचाराचा वर्ग करावाच लागला. शाळेतही शिकवतात. २००१ साली इथे हृदय थांबलेल्या पाचातल्या एकालाच आसपासच्या माणसांकडून सीपीआर (छाती दाबून हृदयाचं काम चालू ठेवणं) मिळायचा, २०१० पर्यंत जवळजवळ निम्म्यांना मिळू लागला. महिनाभरानंतर जिवंत असणारे ३.५ टक्क्यांवरून १०.८ वर गेले.

राजापूरजवळून : मी नर्सिंगला होते, सुट्टीत घरी आलेले. काका अंगणात पडले. वाडी डोंगरावर, त्यात पाऊस. रुग्णवाहिका पोचायला पाऊण तास. मी आणि चुलतभाऊ, दर दोन मिनिटांनी आलटून पालटून दाबत होतो. हात भरून आले, घामाने काकांचा सदरा भिजला. काका गेले. काकू अजून म्हणते, तुम्ही सोडलं नाहीत त्याला.

प्रश्न : बरगडी मोडली तर?

नागपूरहून (भूलतज्ज्ञ) : मोडते कधीकधी, आणि जुळतेही. छातीच्या मधोमध, किमान ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

राजापूरकर, वाडीत आता कितीजणांना येतं?

पाच. काकू धरून.